सांगून काढते, विहीणबाई

विहीणबाई, तुम्हाला पलटणीतून काढायचं आहे. न सांगता काढलं असं व्हायला नको, म्हणून आधी सांगायला बसलेय. उद्या सकाळी पुढची लढाई लागते, त्याच्या आत यादी पक्की व्हायला पाहिजे. यादी भरलेली आहे, एक बाई दारात उभी आहे, आणि तिला आत घ्यायचं तर एक नाव खोडावं लागतं. ते नाव तुमचं. पलटणीतल्या बाकीच्यांना हे अजिबात नको आहे. फोनवरचं बटण माझ्या हातात आलंय आणि सकाळपासून अंगठा तिथपर्यंत जातो आणि परत येतो.

तुम्हाला विहीणबाई म्हणायचा मला हक्क राहिलाय का, असं विचारणारेही पुष्कळ आहेत. त्यात माझी प्रियांका पहिली. तुमच्या सागरचा आणि तिचा काडीमोड होऊन वर्ष उलटलं. सह्या झाल्या, तुमच्याकडची भांडी तुमच्याकडं गेली, आमचं कपाट आमच्याकडं आलं. माणसं काही अशी टेम्पोत घालून परत पाठवता येत नाहीत, पण लोकांना तसं वाटतं. वाटू दे. मी म्हणणार.

आपल्या दोघींचं फोनवर काय चालायचं ते माझ्या बहिणीला अजून कळलेलं नाही. तिला वाटतं आपण या वयात रंगीत गोळ्या फोडत बसायचो. तिला कितीदा सांगितलं, बाई गं, ज्यानं त्यानं आपापली गढी बांधायची, तीस जणांनी मिळून एक गिल्ड करायची, आणि दुसऱ्या गिल्डशी दोन-तीन दिवसांची लढाई खेळायची. प्रत्येकानं आपल्या वाटणीचे हल्ले करायचे. एक जण जरी फिरकला नाही तरी सगळ्यांच्या जिवाला घोर. "म्हंजे भिशीगत," ती म्हणाली. भिशीगतच म्हणा. पण भिशीत कुणी गप्प बसलं तर जाऊन दार वाजवता येतं. इथं कुणाचं दार कुठं आहे तेच माहीत नसतं.

तुम्ही मला यात ओढलंत ते अधिक महिन्यात. जावयाला वाण द्यायला बोलावलं होतं, त्याच्याबरोबर तुम्हीही आलात. मी पुरणाचे धोंडे केले होते, जावई जेवून बाहेर गेले होते, तुम्हाला तूप वाढत होते आणि जीव मुठीत धरून तुमच्या तोंडाकडं बघत होते. विहीण म्हटली की काहीतरी खोट काढणारच. तुम्ही पहिला घास घेतलात आणि म्हणालात, "तुमच्या फोनमध्ये जागा हाय का?" मला वाटलं, आता हे काय नवीन मागणं. तुम्ही ताट बाजूला सारलंत, तुपाच्या हातानंच माझा फोन घेतलात, त्यात गेम घातलात आणि म्हणालात, "न्हाय म्हणू नगासा. मला माणूस पायजे. नावं लई मिळत्यात, माणूस मिळंना झालंय."

तोपर्यंत तुम्ही बऱ्याच गिल्ड फिरून आला होतात. पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा सागरनं तुम्हाला गेम लावून दिला, आणि पाय बरा झाला तरी गेम राहिला. एकेका गिल्डचं नाव ऐकावं. कुणी सम्राट, कुणी सिंहगर्जना. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. यादीत तीस नावं आणि खेळणारं एकच, ते तुम्ही. एका लढाईत तुमचे हल्ले करून तुम्ही बाकीच्यांची वाट बघत दुकानात बसलात. गिऱ्हाईक आलं की बांगड्या भरायच्या, गेलं की फोन बघायचा. कुणी आलं नाही. "ती गिल्ड हाय का भिंतीवरचं फोटो?" तुम्ही मला सांगत होता. "नुसता हार घालायचा ऱ्हायलाता." त्याच दिवशी तुम्ही स्वतःची गिल्ड काढलीत, भुदरगड पलटण, आणि तिच्या सरदार झालात. आणि ठरवलंत की आपल्या यादीत भिंतीवरचा फोटो एकही ठेवायचा नाही.

हे वाक्य मला आता नेमकं आठवायला नको होतं.

माणसं तुम्ही आधी दुकानातच शोधलीत. गारगोटीच्या बाजारात बांगड्या भरायला बाई बसली की तिचा हात तुमच्या हातात. एकेक बांगडी चढवत तुम्ही विचारायचात, "घरात पाव्हणं आल्यात आणि लढाई लागलीया. काय करशील?" कुणी म्हणायची, पाव्हण्यांना चहा देऊन आत जाऊन गुपचूप खेळीन. ती नापास. "आज पाव्हण्यांना फसवतीया, उद्या आमाला." कुणी म्हणायची, खेळ गेला चुलीत. तीही नापास. वारणानगरच्या कॉलनीत राहणारी शुभांगी तेव्हा गारगोटीला माहेरपणाला आली होती. ती म्हणाली, "आदी सांगीन, आज जमणार न्हाय म्हणून." तिचा हात तुम्ही सोडलाच नाहीत, गेम घालूनच घरी पाठवलीत. दुकानात पास झालेली ती एकटीच. बाकी सगळे, पुण्याचा रोहन काय आणि निपाणीचे बसवराज मामा काय, गेममधून आले, त्यांनाही तोच प्रश्न लिहून विचारलात. रोहनला कितीतरी दिवस तुम्ही बाप्या वाटत होता. कोल्हापूरकडच्या बायका 'आलो, गेलो, करतो' बोलतात हे त्या पोराला कोण सांगणार. त्यानं एकदा विचारलं, सरदार, तुमची मिशी केवढी आहे. तुम्ही लिहिलंत, "तुझ्या बापापेक्षा मोठी." मी उचगावात मशीनवर बसून एकटीच हसत होते. सुई बोटात जायची राहिली.

मग प्रियांका बॅग घेऊन परत आली. त्या आठवड्यात मी शिलाई मशीन उघडलं नाही. उघडलं असतं तर ब्लाऊज टाकायचं निमित्त करून सगळी गल्ली येऊन बसली असती. काय झालं, कसं झालं, चूक कुणाची. तुमच्या घरातही तेच चाललं असणार. अशा वेळी तुमचा निरोप आला. मला वाटलं आता भांडण तरी येणार, नाहीतर रडणं. तुम्ही लिहिलं होतंत, "रडायचं असंल तर रडा. पण आदी हल्ला करून घ्या, टाइम संपत आलाय."

असा संताप आला मला. म्हटलं, पोराचा संसार मोडला आणि हिला हल्ल्याचं पडलंय. पण केला हल्ला. रागानं केला म्हणून की काय, समोरची गढी पार सपाट झाली. नंतर रडले, पण जरा कमी रडले. त्या दिवसांत मला 'काय झालं' असं न विचारता नुसतं 'आलासा का' विचारणारी ती एकच जागा होती. तुमचे उपकार मानायचे तर इथून सुरू करायला हवेत, आणि तोंडावर मानले असते तर तुम्ही मला उभी-आडवी झाडली असतीत.

त्याच महिन्यात तुम्ही नियम केलात. तोवर कुणी चुकलं तर रागवायचात आणि विसरायचात. आता मात्र सांगून गैरहजर राहिलं तर माफ, न सांगता राहिलं तर बाहेर. मग कुणीही असो. पलटणीच्या नावाखाली पाटी लावलीत, 'सांगून जावा'. मी उपसरदार होते, मला विचारलंसुद्धा नाहीत.

आपलं खरं भांडण तर पाटीचं नव्हतंच. तुम्ही मला एकटीला गेममध्येच लिहायचात, "तुमच्या पोरीनं जरा सोसाय पायजे हुतं." मी लिहायची, "तुमच्या पोरानं जरा तोंड उघडाय पायजे हुतं." तुमचा सागर मारणारा नव्हता, पिणारा नव्हता. सांगायचा नाही एवढंच. नोकरी सोडली ते सांगितलं नाही, पुण्याला निघून गेला ते सांगितलं नाही. माझी पोरगी गारगोटीत ताट झाकून बसायची. हे मी लिहिलं की तुमच्याकडून थोडा वेळ काहीच यायचं नाही आणि मग यायचं, "लढाई झाल्यावर बोलू." लढाई झाली की दुसरी लागायची. असं आपण वर्षभर पुढं ढकललं.

आणि वर शुभांगीचं प्रकरण. लढाईच्या दिवशी तिचा सासरा गेला, तिनं कळवलं नाही, तुम्ही तिला काढलीत. मी म्हटलं, मयताच्या घरात फोन कोण हातात घेतं? तुम्ही म्हणालात, "दोन शब्दाला किती वेळ लागतोय?" मी म्हटलं, नियम माणसांसाठी असतो. तुम्ही म्हणालात, "मग माणसांनी पाळावा की." पालथ्या घड्यावर पाणी. शुभांगी जाताना लिहून गेली, "सरदार, तुमच्यावर वेळ आली म्हंजे कळंल." तुम्ही त्याला उत्तर दिलं नाहीत. मीही तुमच्याशी चार दिवस बोलले नाही, नुसते हल्ले केले.

गेल्या आठवड्यात लढाई लागली आणि तुमचं नाव यादीत नुसतंच पडून होतं. हल्ला नाही, निरोप नाही. दुपार झाली तरी नाही. तुमच्यासारखी बाई, डॉक्टरकडं नंबर लागलेला असला तरी 'जरा दवाखान्यात हाय' लिहिणारी, आणि तुम्ही गप्प. रोहननं लिहिलं, "सरदार कुठायत? नियम सगळ्यांना सारखा ना?" शुभांगीच्या वेळी गप्प बसलेलेही मग बोलायला लागले. एकानं तर लिहिलं, आता उपसरदारांचा न्याय बघू. बसवराज मामा तेवढे रोहनला, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं, म्हणाले, "तम्मा, जरा दम खा."

तीस जणांत तुमचं दार कुठं आहे हे एकट्या मला माहीत होतं, आणि ते दार मला बंद. तुमचा नंबर प्रियांकानं माझ्या फोनमधून काढून टाकला होता, माझ्यासमोर, मीच हो म्हटल्यावर. त्या घराशी कसलाही संबंध ठेवायचा नाही, ही तिची एकच मागणी होती. गेमचं तिला माहीत नव्हतं. संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा मी म्हटलं, "सागररावांचा नंबर दे."

"कशाला?"

"त्यांच्या आईचं काय तरी झालंय."

"तुला कोण म्हणालं?" मग मला सगळं सांगावं लागलं. ती ऐकत उभीच राहिली. "म्हंजे तू वर्षभर त्या बाईशी बोलतीस?"

"बोलत न्हाय. लढाई करतो."

"आई, मी तिथं कशी ऱ्हायलो ते तुला ठावं हाय. न सांगता गेलेल्या माणसाची वाट बघून बघून माझं काय झालं ते तू बघितलंस. आणि आता त्याची आई एक दिवस न सांगता ऱ्हायली तर तुझ्या जिवाला घोर लागलाय." एवढं बोलून ती आत गेली. नंबर दिला नाही. मला तिचा राग आला नाही, कारण ती काही खोटं बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या चहाच्या गाड्यावर पेपर पडला होता. मी तो उचलला, आणि मागचं पान काढलं. माझ्या हाताला माहीत होतं वाटतं. निधनाच्या छोट्या चौकटीत तुम्ही होता. फोटो पोरांच्या लग्नातला. तुम्हाला एकटीला कापून घेतलं होतं, पण कडेला एक काठाची पट्टी राहिली होती. तो काठ माझ्या शालूचा. खाली लिहिलं होतं, आकस्मिक निधन, त्यांच्या पश्चात मुलगा, भाऊ, बहीण, पुतणे असा परिवार आहे, रक्षाविसर्जन उद्या. चहावाला म्हणाला, "मावशी, कोण वळखीचं काय?" मी हो म्हटलं का नाही म्हटलं, मला आठवत नाही.

पलटणीत सांगायचं तर एकच शब्द होता. पण घरच्यांनी सांगण्याआधी सांगणारी मी कोण? ते सगळे तिकडं नियमावरून हमरीतुमरीवर आले होते आणि मी फोन पालथा घालून ठेवला.

तिसऱ्या दिवशी उठून मी पिठलं-भाकरी केली. मयताच्या घरात चूल पेटत नाही, भाकरी सोयऱ्यांनी न्यायची. फडक्यात बांधत होते तेव्हा प्रियांका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"गारगोटीला निघालीस?"

"व्हय."

"कोण म्हणून?"

मी गाठ मारली. ती म्हणाली, "त्यांनी कळवलंय का तुला? एका तरी माणसानं? तिथं जाऊन दारात उभी ऱ्हाशील आणि कोण 'या' म्हणणार न्हाय. मग काय करशील?"

"भाकरी ठेवीन आणि परत येईन." तिनं मला अडवलं नाही. दारातून बाजूलाही झाली नाही, मला अंग चोरून जावं लागलं.

गाडीत बसल्यापासून फोन थरथरत होता. लढाई दुपारी संपणार होती. आपण थोडक्यात मागं होतो आणि तुमचे हल्ले शिल्लक होते. "उपसरदार, उत्तर द्या." "उपसरदार पण गायब?" मुदाळतिट्ट्याला गाडी थांबली तेव्हा वाटलं, उतरावं आणि परतीची धरावी. ओळखीचा एक तरी चेहरा माझ्याकडं बघून कसा वळेल, ते मला डोळ्यासमोर दिसत होतं. मी उतरले नाही, पण ते धाडस नव्हतं. मांडीवर भाकरी होती, ती घेऊन परत कुठं जायचं हे सुचलं नाही.

रक्षाविसर्जन उरकून माणसं परतली होती. बाहेरच्या खोलीत बायका बसलेल्या, भिंतीला टेकवून तुमचा फोटो, ताजा हार. मोठा करून घेतला होता तोच फोटो, रंगीत, आणि कडेला माझा जांभळा काठ. मी उंबऱ्यात उभी. सगळी माझ्याकडं बघायला लागली, 'या' कुणी म्हणेना. सागर कोपऱ्यात होता, मुंडण केलेला. त्यानं मला पाहिलं आणि खाली बघितलं. तुमची मोठी बहीण, ज्यांना नीट दिसत नाही, त्या मोठ्यानं म्हणाल्या, "ह्या पाव्हण्या कुठल्या गं?"

कुणी सांगेना. ओळखीची, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. मी म्हटलं, "मी विहीण."

एक बाई पुटपुटली, "मोडली न्हवं ती सोयरीक?"

"पोरांची मोडली," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "आमची मोडा असं आमाला कुणी सांगितलं न्हवतं."

मग तुमच्या बहिणीनं मांडी आवरून जागा केली. "मग बसा की. उभं का ऱ्हायलासा?" कुणीतरी माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि आत नेलं. मी बसले.

थोड्या वेळानं फोटोजवळ ठेवलेला तुमचा फोन घुर्र घुर्र करायला लागला. बायका म्हणाल्या, कुणाचं वाजतंय ते सारखं? सागर उठला. "आईचा हाय. कालपास्नं चाललंय. गेमचं काय तरी, काढूनच टाकतो."

"थांबा," मी ओरडले. मयताच्या घरात कुणी असं ओरडत नाही. तो थांबला, पडद्यावर बघत राहिला आणि माझ्याजवळ येऊन बसला. "ह्यात उचगाव नावाचं कोण हाय?"

"मी."

"तुमी?" "आई रोज म्हणायची, उचगावचं माणूस लई चिवट हाय, त्येच्या जिवावर पलटण हाय. मला वाटायचं कोण तरी बाप्या असंल." मग खाली बघत म्हणाला, "मी तुमाला कळवणार हुतो. पण..."

माझ्या जिभेवर आलं होतं, तुम्ही कवा कुणाला काय कळवलंय. गिळलं. त्या पोराचं केस काढलेलं डोकं बघून गिळलं. पण पुढं तो आपणहून बोलला. "ही पाटी हाय न्हवं वर, सांगून जावा. ती आदी मला म्हणायची. घरातनं बाहेर पडताना रोज. मी ऐकलं न्हाय, प्रियांका गेली. तवा आई म्हणाली, तू ऐकणार न्हाईस, मी दुसऱ्यांना सांगतो. आणि तिथं लावली."

विहीणबाई, एवढंच मला लिहिलं असतंत तर? चूक माझ्या पोराची आहे, एवढे शब्द. दोन शब्दाला किती वेळ लागतो? वर्षभर माझ्याशी भांडलात, 'लढाई झाल्यावर बोलू' म्हणालात, आणि कबुली मात्र आमच्या डोक्यावर पाटीसारखी टांगून ठेवलीत. मी ती रोज वाचत होते आणि शुभांगीसाठी तुमच्याशी भांडत होते. मला तुमचा राग आला, तिथंच, तुमच्या फोटोसमोर. आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं ते थांबेना. तुमच्या बहिणीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, विहिणीवर किती जीव. होताच की.

सागरनं विचारलं, "आईचे हल्ले मी करू?" मी नको म्हटलं. दुसऱ्याच्या हातानं खेळणं तुम्हाला कधी चाललं नसतं. त्याला एवढंच सांगितलं की माझ्या नावावर दाबून सरदारकी माझ्याकडं द्या. त्यानं दिली. मग मी माझा फोन काढला आणि पलटणीत लिहिलं, "सांगायला उशीर झाला. आपल्या सरदार, माझ्या विहीणबाई, गेल्या. त्यांना सांगायला सवड मिळाली नाही. त्यांचं माणूस म्हणून मी सांगते."

पहिला बसवराज मामांचा हल्ला दिसला. मग रोहनचा, मग एकेकाचे. कुणी एक शब्द लिहिला नाही, नुसते हल्ले. तुमचे राहिले ते राहिलेच. आपण हरलो. नियमाचं नाव त्यानंतर कुणी काढलेलं नाही.

मी घरी आले तेव्हा दाराबाहेर बादली होती, पाण्यातनं वाफ निघत होती, वर कडुनिंबाचा डहाळा. आमच्यात लांबच्या कुणाच्या घरी भेटून आलं तर पाय धुऊन चालतं. आपलं माणूस गेलं असेल तर डोक्यावरनं अंघोळ. प्रियांका आतूनच म्हणाली, "केस मोकळं करून न्हा, मगच आत ये." रात्रीच्या जेवणाला मी तिला सागर काय बोलला ते सांगितलं. ती म्हणाली, "आता सांगून काय उपेग." भाकरीचा तुकडा मात्र तिनं बराच वेळ नुसताच हातात धरला होता.

काल शुभांगीची विनंती आली. "कळलं. मी तसं बोलाय नको हुतं. जागा असंल तर परत येतो." मी पाटी तुमचीच ठेवलीय, खाली एक ओळ घातलीय. ज्याला सांगता येत नाही, त्याच्या वतीनं त्याच्या माणसानं सांगावं. त्या ओळीत शुभांगी बसते. तुम्हीही बसता. तुमच्याशी ज्या गोष्टीवरून मी भांडले ती मी जिंकले, आणि कुणाला ऐकवायची ते माणूस नाही.

पण जागा नाही. रोहन म्हणतो, सरदारांचं नाव कायम वर राहू दे, दुसऱ्या कुणाला तरी काढा. सगळ्यांनी त्याला हात जोडून हो म्हटलंय. जी पोरं तीन दिवस तुम्हाला काढा म्हणून ओरडत होती, तीच आता म्हणतात, हात लावू नका. त्यांचं प्रेम आहे, मी काय बोलू? आणि तुमचं नाव त्या यादीत दिसेनासं झालं की मला रोज 'आलासा का' कोण विचारणार, हेही मला ठाऊक आहे. ठेवायला मलाही पाहिजे आहे. सगळ्यांत जास्त मलाच पाहिजे आहे.

तरी तुमचा आवाज काही कानातून जात नाही. ती गिल्ड हाय का भिंतीवरचं फोटो? तुमचा फोटो गारगोटीत लागलाय, हार घालून, कडेला माझ्या पदराचा काठ घेऊन. तेवढा एक पुरे. यादीत माणूस पाहिजे. शुभांगीला मी तुमचाच प्रश्न परत विचारला, घरात पाव्हणं आल्यात आणि लढाई लागलीया. तिनं लिहिलं, "आदी सांगीन."

तेव्हा विहीणबाई, सांगितलं. आपलं बोलायचं होतं ते राहिलं, लढाई झाली तरी राहिलं. आणि तुम्ही मला न सांगता गेलात. ते कुठल्याच ओळीत बसत नाही, मीच घातलेल्या ओळीतसुद्धा नाही, कारण जगाला मी सांगितलं, मला कुणी सांगितलं नाही. पण आता सरदार मी आहे. ते मी माफ केलं.

काढते आता.